मूळ नमुन्याची बाटली

कारखान्याच्या मालमत्तेच्या यादीत 'चव-तुलना विभाग' या मथळ्याखाली एक शीतकपाट, दोन कुलपं, सहा काचेचे पेले आणि एक जीभ एवढ्या वस्तूंची नोंद होती. जीभ माझी होती. ती रोज सकाळी दहा वाजता सुस्थितीत हजर ठेवणं ही माझी नोकरी. त्याआधी चहा नाही, कांदा नाही, तंबाखू नाही, भांडण नाही. भांडणाचा नियम माझा स्वतःचा. बायकोशी वाजलं की पुढे दोन तास सगळंच कडू लागतं, आणि मग बिअरचा कडूपणा किती आणि घरचा किती, हे वेगळं काढता येत नाही.

माझा हुद्दा 'कनिष्ठ चव-तुलनाकार' असा होता. वरिष्ठाची जागा मंजूर नव्हती, त्यामुळे एकोणीस वर्षं मी कनिष्ठच राहिलो. कोणाहून कनिष्ठ, ते कोणी विचारलं नाही. लोकांना वाटतं, मजेची नोकरी. एक घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा आणि गिळायचा. द्राक्षाची दारू तपासणारे थुंकतात म्हणे. बिअरचा कडूपणा घशाखाली उतरल्याशिवाय कळत नाही, म्हणून नियमाने गिळावी लागते. पण घोट म्हणजे घोट. दुसरा घेतला तर लेखी खुलासा. त्यामुळे कारखान्यात मला सगळे 'घोटभर' म्हणत.

कारखाना शहराबाहेर होता, बर्फाच्या कारखान्याच्या आणि जुन्या टायरांच्या गोदामाच्या मधोमध. तिथे आम्ही ग्रुबेनहाल नावाची परदेशी बिअर बनवायचो. हे वाक्य मी जितक्या गंभीरपणे लिहिलं तितक्याच गंभीरपणे ते कारखान्यात बोललं जाई. त्यात कोणाला काही खटकत नसे. सातू चार तासांवरच्या शेतांतून ट्रकने यायचा. पाणी आवारातल्या दोन बोअरचं. त्यातल्या दोन नंबरच्या पाण्याला लोखंडाचा किंचित वास होता, आणि खरं सांगायचं तर बिअरची सगळी गंमत त्यातच होती. बाटल्या रस्त्यापलीकडून यायच्या. ढवळणारी, गाळणारी, भरणारी चारशे माणसं आसपासच्या वस्त्यांतली. तिकडून आलेल्या वस्तू तीनच: नाव, चार पानांची कृती आणि लेबलावरचं चित्र. चित्रात बर्फाचा डोंगर, पुढे दगडी बुरूज आणि बुरुजावर शिंग फुंकणारा एक जाडा गृहस्थ. कामगार त्याला भोंग्या म्हणत.

माझी तक्रार एकच होती, ती म्हणजे माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, परवाना खात्यात मोठा अधिकारी. घरात त्याला बाळ्या म्हणत. 'आपला तो बाळ्या' ही इतरांकडे म्हण असते, आमच्याकडे माणूस होता. दर रविवारी तो ग्रुबेनहालच्या दोन बाटल्या घेऊन यायचा, खारे दाणे समोर ओढायचा आणि मला बिअर समजावून सांगायचा.

"दाजी, ह्याला म्हणतात चव. आपल्याकडे हे जमणं नाही."

"अरे, ही आपल्याकडेच होते. मी करतो."

"तुम्ही भरता. भरणं वेगळं, करणं वेगळं. मूळ अर्क तिकडून येत असणार."

"सातू मी स्वतः चावून बघतो रे, आपल्या समोर भिजतो."

"तो दाखवायला. तुम्हाला कशाला सांगतील सगळं?"

मग स्वयंपाकघरातून बायको म्हणायची, "बाळ्या एवढं म्हणतोय तर असेल काहीतरी. तुम्हाला तर बदलीसुद्धा नोटीस बोर्डावर वाचून कळते."

आमच्या कारखान्याच्या परवान्यावर दरवर्षी बाळ्याचीच सही असायची. पण त्याच्या टेबलाचं काम सही करणं हे होतं. वाचणं दुसऱ्या टेबलाकडे होतं, आणि ते टेबल रिकामं होतं. मला निवृत्त होण्याआधी फार काही नको होतं. त्याने एकदा, बायकोच्या समोर, बाटली हातात धरून एवढंच म्हणावं: दाजी, ही तुमची. बस्स.

आता मूळ नमुन्याबद्दल सांगतो, कारण घोळ तिथे झाला.

नाव वापरू देताना तिकडच्या मालकांनी अट घातली होती की दर महिन्याला आमची बिअर त्यांच्या बिअरशी ताडून बघायची. त्यासाठी ते दरवर्षी बारा बाटल्या पाठवत. त्या म्हणजे मूळ नमुना. शीतकपाटाला दोन कुलपं, एक किल्ली माझ्याकडे, एक व्यवस्थापकांकडे. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी एक बाटली उघडायची, शेजारी आमचा पेला ठेवायचा आणि तीस रकान्यांचा तक्ता भरायचा. रंग, फेस, वास, कडूपणा, घशातून उतरतानाचा भाव, उतरून गेल्यानंतरचा भाव. पहिली दोन वर्षं आमचं साम्य शंभरात एकाहत्तरच्या आसपास राहिलं. सत्तरच्या खाली गेलं तर नाव काढून घेणार. दर मंगळवारी व्यवस्थापक माझ्या तोंडाकडे असे बघत उभे राहत, जसा परीक्षेचा निकाल लागायचाय.

तिसऱ्या वर्षासाठीची बारा बाटल्यांची पेटी आधीच येऊन बंदरात अडकली. बाहेरून दारू आणायला परवाना लागतो. आम्ही अर्ज केला. अर्ज परवाना खात्यात गेला आणि आठ महिन्यांनी शेरा मारून परत आला: "सदर ब्रँडची बिअर देशातच मुबलक उपलब्ध असल्याने ती परदेशातून आणण्याची गरज दिसून येत नाही. अर्ज नामंजूर." खाली सही. सही बाळ्याची.

व्यवस्थापकांनी मला बोलावलं. "काका, तुलनेत खंड पडता कामा नये."

"साहेब, तुलना करायची कशाशी? शेवटची बाटली मागच्याच महिन्यात संपली."

"नियमात काय लिहिलंय? मूळ नमुन्याच्या बाटलीतल्या बिअरशी ताडावी. बाटल्या आहेत ना?"

"रिकाम्या आहेत."

"मग बाटल्या आहेत," व्यवस्थापक म्हणाले, आणि खिडकीबाहेर टायरांकडे बघू लागले. "कसं करताय ते मला सांगू नका."

मी खूप विचार केला. सहा नंबरची टाकी सावलीत होती, तिच्यात दोन नंबरच्या बोअरचं पाणी जास्त जायचं, आणि त्या आठवड्यात तिच्यात जी उतरली होती ती माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली बिअर होती. मी बारा रिकाम्या बाटल्या धुतल्या, भरल्या, बुचं मारली आणि दोन कुलपांच्या आत ठेवल्या. पुढच्या मंगळवारी तक्ता भरला. साम्य शंभर. त्यानंतर दरवर्षी सहा नंबरमधून बारा बाटल्या. सोळा वर्षं आमची बिअर आमच्याच बिअरशी ताडली गेली आणि एकदाही नापास झाली नाही.

मला वाटलं होतं, गप्प बसलं की प्रकरण मिटेल. पण चांगल्या निकालाला पाय फुटतात. तिकडच्या मुख्य कार्यालयात जगभरच्या परवानेदार कारखान्यांचे तक्ते जमा होत. कोणाचं साम्य बहात्तर, कोणाचं जेमतेम सत्तर. आमचं सलग शंभर. तेव्हा त्यांनी असं ठरवलं की ज्या कारखान्याला मूळ चव इतकी अचूक साधते, त्याचाच माल इथून पुढे मूळ नमुना धरावा. आम्ही बारा बाटल्या तिकडे पाठवल्या. नियम सर्वांना सारखा, म्हणून ग्रुबेनहाल गावातल्या मूळ कारखान्याची बिअरसुद्धा त्या बाटल्यांशी ताडली गेली. साम्य चौसष्ट आलं. त्यांना ताकीद मिळाली. पुढच्या वर्षी बासष्ट. तीनशे वर्षं चाललेला तो कारखाना 'ग्रुबेनहालच्या दर्जाला उतरत नाही' म्हणून बंद झाला. बुरुजाचं संग्रहालय केलं, खाली विक्रीचं दुकान काढलं, आणि दुकानासाठी माल इथून जहाजाने जाऊ लागला.

हे परिपत्रक आलं तेव्हा व्यवस्थापकांनी मला पेढा दिला असता, पण सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि दहाच्या आधी मला गोड चालत नसे.

माझ्या निवृत्तीला सहा महिने राहिले असताना बाळ्या 'परवाना पद्धतींच्या अभ्यासासाठी' नऊ दिवस तिकडे जाऊन आला. रविवारी आला तो वेगळ्याच चालीने. पिशवीतून लोकरी मोज्यांची जोडी काढली, एका मोज्यातून बाटली काढली आणि दुसऱ्यातली तशीच राहू दिली.

"ताई, पेले आण. रोजचे नको, चांगले आण. दाजी, आज तुमचा न्याय करतो. प्रत्यक्ष बुरुजाखालून घेतलीय. रांगेत उभं राहून."

त्याने ती अशी ओतली, जशी घरात एकच थेंब तूप उरलंय. मी सवयीने घोट घेतला, फिरवला, गिळला. दोन नंबरच्या बोअरने मला जिभेवरच ओळख दिली. मी बाटलीची मान उजेडात धरली. टाकी सहा, मंगळवार. शिवाय आमच्या शिक्क्यातल्या तीनच्या आकड्याचं पोट तुटलेलं होतं. तेही तसंच होतं.

"बाळ्या, ही माझी आहे."

"काय तुमची?"

"बिअर. सहा नंबरच्या टाकीतली. हा बघ शिक्का. हा बघ तुटका तीन."

बाळ्या हसला. मग शिक्का बघितला. मग त्याने रोजची बाटली शेजारी धरून तिचा शिक्का बघितला आणि त्याचं हसू हळूहळू आटलं. बायको पेला हातात घेऊन दारात उभी होती. मला वाटलं, आता म्हणणार. आत्ता म्हणणार.

"म्हणजे मला फसवलं!" बाळ्या ओरडला. "तिकडे बसून कोणीतरी आपला माल अस्सल म्हणून खपवतंय! आणि मी अहवालात लिहून दिलंय की उगमावर जाऊन मूळ चव घेतली."

"अरे, उगम इथेच आहे."

"दाजी, ही थट्टेची गोष्ट नाही. हे आंतरराष्ट्रीय प्रकरण आहे."

घरात खरं बोलायला गेलो, तर सोमवारी सकाळी चारशे माणसांच्या पोटावर पाय आला. बाळ्याची तक्रार कार्यालयाची दारं उघडण्याआधी दाखल झाली होती: स्थानिक कारखान्यातून बनावट परदेशी बिअर परदेशात पाठवली जात आहे, चौकशी होईपर्यंत उत्पादन थांबवावे. दुपारी भरणीचा पट्टा बंद पडला. माणसं फाटकाशी घोळक्याने उभी राहिली. बाटल्या धुणाऱ्या विभागातली एक बाई मला म्हणाली, "काय हो घोटभर, काय बोललात म्हणे घरात? आमच्याकडे नवरे घरात काहीच बोलत नाहीत, किती बरं असतं."

व्यवस्थापकांनी दार लावून घेतलं. "काका, जिभेची नोकरी करता, ती आवरायलाही शिका. समितीपुढे फक्त चाखा. सोळा वर्षांचे तक्ते तुमच्या हातचे आहेत. ते खोटे ठरले तर नाव जाईल, नाव गेलं तर ही चारशे माणसं साधं सरबतसुद्धा विकू शकणार नाहीत. तुमच्या निवृत्तीवेतनाचं मी बोलतच नाही."

समिती तिघांची होती. अध्यक्ष बाळ्या. तक्रारदारच अध्यक्ष कसा, असं कारकुनाने भीतभीत विचारलं, तेव्हा 'प्रकरणाची सर्वाधिक माहिती असणे' हा निकष दाखवण्यात आला. दुसरे व्यवस्थापक. तिसरा तिकडच्या मालकांनी पाठवलेला तपासनीस, उंच, वाकलेला, उन्हाने नाक लाल झालेला. त्याला आपली भाषा येत नव्हती. त्याचं बोलणं व्यवस्थापक सांगणार होते. मी तज्ज्ञ साक्षीदार.

बाळ्याने माझ्याकडे नवख्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "आपला हुद्दा?"

"कनिष्ठ चव-तुलनाकार."

"समितीतल्या कोणाशी नातं?"

काल रात्री माझ्याच घरची भाजी डब्यात भरून नेली होती त्याने.

"लिहा, नाही," बाळ्याने कारकुनाला सांगितलं.

टेबलावर तीन पेले मांडले. कोणत्या पेल्यात काय, ते एकट्या कारकुनाला ठाऊक. एकात सहा नंबरच्या टाकीतली ताजी बिअर. एकात बाळ्याच्या दुसऱ्या मोज्यातली. तिसऱ्याची व्यवस्था ऐनवेळी झाली होती. सकाळी त्या लालनाक्या तपासनिसाने आपल्या पिशवीतून गळपट्ट्यात गुंडाळलेली एक बाटली काढून कारकुनाच्या हातात ठेवली होती. दोन वर्षांपूर्वी बुरुजाखालचा कारखाना बंद झाला त्या दिवशी शेवटची टाकी उतरवणारा माणूस त्याचा बाप होता. ही त्या टाकीतली. पेल्यांवर चिठ्ठ्या लावल्या: अ, ब, क.

बाळ्याने अ घेतला आणि डोळे मिटले. "वा." ब घेतला. "तीच. तंतोतंत तीच." क नुसता नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. "ही इथली. बोअरच्या पाण्याचा वास लपत नाही. कळतं लगेच."

"अध्यक्षांशी सहमत," व्यवस्थापक म्हणाले. त्यांनी अजून पेला उचलला नव्हता.

लालनाक्याने तिन्ही घोट घेतले. क जवळ तो फार वेळ थांबला. मग हळू आवाजात बरंच काही बोलला. एकदा त्याने छातीवर हात ठेवला, एकदा खिडकीबाहेर दूर कुठेतरी बोट दाखवलं, आणि शेवटी नाक पुसलं.

"पाहुणे म्हणतात," व्यवस्थापकांनी सांगितलं, "व्यवस्था उत्तम आहे."

मग माझी पाळी. अ आणि ब मध्ये बघण्यासारखं काही नव्हतं. पोटची पोरं आवाजावरून ओळखतात. क तोंडात घेतला आणि सोळा वर्षांपूर्वीचे मंगळवार आठवले. तीच पातळ सुरुवात, तोच गवतासारखा वास, उतरताना तोच थोडा रुसवा. दोन वर्षांत जराशी शिळी झाली होती, पण अस्सल होती. आणि अस्सल होती तरी आमची तिच्याहून चांगली होती. हे आजवर मी स्वतःशीही बोललो नव्हतो. व्यवस्थापक माझ्या तोंडाकडे बघत होते. फाटकाशी माणसं उभी होती. बाळ्या पेन उघडून वाट बघत होता, आणि मला कळलं की आत्ता गप्प बसलो तर त्याच्या तोंडून ते वाक्य या जन्मी निघणार नाही.

"अ आणि ब आमच्या," मी म्हणालो. "दोन्ही सहा नंबरच्या टाकीतल्या. क तिकडची. खरी ग्रुबेनहाल ती. सोळा वर्षं मूळ नमुन्याच्या बाटल्या मी आमच्याच बिअरने भरतोय. तक्ते खोटे आहेत. लोक जी पितात, तिकडे रांग लावून जी विकत घेतात, ती तिकडची नाही. ती आमची आहे. आणि ती चांगली आहे."

व्यवस्थापकांनी डोळे मिटले. लालनाक्याला शब्द कळले नव्हते, पण मी क कडे दाखवलेलं बोट त्याला कळलं होतं. तो माझ्याकडे बघून सावकाश मान हलवत होता.

बाळ्याने पेन खाली ठेवलं. "ही कबुली समजायची का?"

"हो."

"कबुलीची पडताळणी करावी लागेल. तुम्ही म्हणता, क अस्सल. कशावरून?"

"चवीवरून."

"चव मूळ नमुन्याशी ताडून ठरते. मूळ नमुना आणा."

"तोच तर नाही. तिकडून आणू दिला नव्हता."

"कोणी?"

कारकुनाने जुनी फाईल काढली आणि शेरा मोठ्याने वाचला. देशातच मुबलक उपलब्ध असल्याने. खाली सही. बाळ्याने सही बघितली, अंगठ्याने जरा पुसून बघितली. ती पुसली गेली नाही.

"शेरा योग्य आहे," तो म्हणाला. "सबब मूळ नमुना उपलब्ध नाही. सबब पडताळणी शक्य नाही. सबब कबुली अग्राह्य. एकीकडे सोळा वर्षांचे शंभर टक्के साम्याचे तक्ते, दुसरीकडे एका माणसाची एका सकाळची जीभ. समिती कागदाबरोबर जाईल."

"पण तक्ते त्याच जिभेचे आहेत!"

"तेव्हा ती ताजी होती. साक्षीदारास तीन दिवस भरपगारी विश्रांती द्यावी. क पेला बेकायदा आयात किंवा स्थानिक बनावट, जे लागू असेल ते धरून, पंचांसमक्ष मोरीत ओतावा."

कारकून पंचनामा लिहायला बसला. 'पिवळसर द्रव, अंदाजे अर्धा पेला' एवढं लिहून होईपर्यंत लालनाक्याने हात लांब केला, बापाच्या हातची बिअर उचलली आणि एका दमात पिऊन टाकली. मग त्याने पेला उपडा ठेवला आणि गळपट्टा घडी करून पिशवीत भरला. कारकुनाने बाळ्याकडे बघितलं. बाळ्याने सांगितलं आणि त्याने लिहिलं: "मुद्देमाल समिती सदस्याच्या पोटात जमा."

निकाल आठवड्यात लागला. अ आणि ब एकच, म्हणजे बुरुजाखालची बाटली अस्सल. सबब अध्यक्षांचा दौऱ्याचा अहवालही अस्सल. पुरेशी खातरजमा न करता तक्रार केल्याबद्दल तक्रारदारास अध्यक्षांनी कडक शब्दांत समज दिली आणि तक्रारदाराने ती पोचल्याची सही केली. कारखाना सुरू झाला. शिवाय यापुढे असा गैरसमज होऊ नये म्हणून प्रत्येक बाटलीच्या दर्शनी भागावर, बोटभर जाडीच्या अक्षरांत छापावं, असा हुकूम निघाला: ही बिअर इथेच बनते.

व्यवस्थापक डोकं धरून बसले. पिकतं तिथे विकत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मला मात्र नवी लेबलं येईपर्यंत बसल्या जागी चैन पडेना. कबुली गेली तर गेली. ज्या वाक्यासाठी मी एकोणीस वर्षं थांबलो ते आता दर बाटलीवर छापलं जाणार होतं, तेही बाळ्याच्या सहीने.

रविवारी बाळ्या नव्या लेबलाच्या दोन बाटल्या घेऊन आला. मी एक उचलून अक्षरं त्याच्या नाकासमोर येतील अशी ठेवली आणि बायकोला हाक मारली.

"वाच, बाळ्या."

"काय वाचायचंय? मीच लिहिलंय."

"मग म्हण की एकदा."

बाळ्याने दाराकडे बघितलं, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. "दाजी, तुमच्यासारखा भोळा माणूस मी बघितला नाही. तिकडून आलेल्या मालावर कर केवढा असतो! कागदोपत्री इथला दाखवला की वाचतो. अहो, एवढ्या जाड अक्षरांत कोणी खरं लिहितं का? खरं असतं ते बारीक अक्षरांत असतं."

"हुकुमावर तुझी सही आहे!"

"सही आहे म्हणूनच सांगतो."

हे एकट्या बाळ्याचं डोकं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण महिनाभरात गावभर तेच झालं. ज्या बाटलीवर 'इथेच बनते' जाड छापलंय ती हमखास तिकडची, हे ज्याला त्याला आतून कळलं होतं. कोणाचा भाऊ बंदरात होता, कोणाचा साडू जहाजावर. विक्री दीडपट झाली. व्यवस्थापकांनी अक्षरं आणखी जाड करण्याची परवानगी मागितली.

नव्या लेबलाच्या त्या रविवारी बाळ्या गेल्यावर मी पेले आत नेऊन ठेवले. बायको ओट्याशी उभी होती. तिने एका पेल्यात तळाशी उरलेली बिअर बघितली.

"खरंच तुमची आहे ही?"

"हो."

"सगळी? तो म्हणतो ती चव वगैरे?"

"सगळी."

तिने आयुष्यात पहिल्यांदा एक घोट घेतला आणि तोंड कसनुसं केलं. "शी, केवढी कडू!" मग पेला विसळता विसळता म्हणाली, "तुमचीच असणार. पण बाळ्याला आता पुन्हा सांगू नका हो. त्याला मनापासून आवडते."

मी निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. ही हकिगत मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. सगळे हसतात. बाळ्याच्या सहीपाशी तर पोट धरून हसतात, आणि लोक किती मूर्ख असतात यावर आमचं एकमत होतं. मग निघताना, दारात चपला घालता घालता, माणूस मागे वळून बघतो, कोणी ऐकत नाही ना याची खात्री करतो आणि विचारतो, "ते सगळं ठीक आहे काका, पण खरी तिकडची कुठे मिळते?"

पूर्वी मी चिडायचो. आता पत्ता देतो. तुम्हीही विचारणारच होतात, तर सांगून ठेवतो. कारखान्याच्या फाटकासमोर एकच दुकान आहे. पुढे मांडलेली घेऊ नका, आतली मागा. दुकानदार म्हणेल, आत काही नाही, आहे ती हीच. तरी जागचे हलू नका. तो नाही म्हणाला, म्हणजे आहे.